प्रश्नाची किल्ली कोणाकडे?

(जयपूर येथे मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



गोपालपुऱ्यात राहणाऱ्या माणसाने आपल्या खासदाराकडे नेमकं काय मागायचं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. पण टोंक रोडवरच्या गोपालपुरा मोडापासून बायपासने रिद्धी-सिद्धी चौकाच्या दिशेने निघा. दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासच्या पाट्या, पीजी, हॉस्टेलं, अभ्यासिका. राज्यभरातली मुलं इथे एकेका खोलीत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात.

त्यातलीच एक खोली डोळ्यांपुढे आणा. ज्या इमारतीत ती आहे त्या इमारतीला आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, हे बघणं महापालिकेचं काम. नळाला येणारं पाणी टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणाचं, आणि ते पुरवणारा जलदाय विभाग राज्य सरकारचा. क्लासवाल्यांनी फी किती घ्यावी, मध्येच सोडून जाणाऱ्या मुलाचे पैसे परत करावेत की नाही, याचा कायदा राज्याच्या विधानसभेने करायचा. राजस्थानच्या विधानसभेने तो 2025 मध्ये केलाही. आणि तो मुलगा केंद्राच्या परीक्षेला बसला आणि पेपर फुटला, तर त्याची शिक्षा ठरवणारा कायदा संसदेचा. तो 2024 चा आहे.

म्हणजे एका खोलीत राहणाऱ्या एका मुलाचे प्रश्न तीन सभागृहांत विभागलेले आहेत. प्रत्येक प्रश्नाची किल्ली वेगळ्या घरी. आणि आपण मतदार मात्र सगळी कुलुपं घेऊन एकाच दाराशी जातो. नगरसेवक ओळखीचा असेल तर त्याच्या, नाहीतर आमदाराच्या, आणि खासदार लग्नाकार्यात भेटला तर त्याच्या.

गल्लीतून दिल्लीला गेलेला कार्यकर्ता हा आपल्याकडे मोठ्या कौतुकाचा विषय असतो. वॉर्डातून विधानसभेत, विधानसभेतून लोकसभेत, अशी ती बढती आपण मोजतो आणि गावात सत्कार करतो. मला आज एवढंच म्हणायचं आहे की हा बढतीचा मामला नाही. चांगला लोकप्रतिनिधी प्रश्न हातात धरतो, त्याची किल्ली कुठे आहे ते शोधतो आणि त्या सभागृहात जाऊन बसतो. किल्ली वर असेल तर वर जातो आणि खाली असेल तर खालीही येतो. अशा एका मराठी बाईची कारकीर्द मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे: मृणाल गोरे.

दोन मतदारसंघ

पण आपण जयपुरात आहोत, तेव्हा सुरुवात इथल्या मतदारसंघाने करू. 1962 मध्ये जयपूरने महाराणी गायत्रीदेवींना लोकसभेत पाठवलं. त्यांना 1,92,909 मतं मिळाली आणि त्या विजयाची नोंद गिनीज बुकात झाली. 1967 आणि 1971 मध्येही त्याच निवडून आल्या. 1977 मध्ये जनता पक्षाचे सतीशचंद्र अग्रवाल आले. पुढे 1989 मध्ये काँग्रेसने ब्रिगेडियर भवानीसिंह यांना उभं केलं. जयपूरच्या राजघराण्याचे प्रमुख, 1971 च्या युद्धातले महावीरचक्र विजेते. त्यांच्यासमोर भाजपचे गिरधारीलाल भार्गव होते. परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, गल्ल्यांत ज्यांची ऊठबस, ज्यांनी विधानसभेत शहराचं प्रतिनिधित्व केलेलं, असे हे गृहस्थ. ज्याची विचारपूस कोणी करत नाही त्याच्यासोबत गिरधारीलाल, अशा अर्थाची घोषणा त्यांच्या नावाने चालायची. महाराज हरले, भार्गव जिंकले, आणि पुढे 2004 पर्यंतच्या एकूण सहा निवडणुका त्यांनी लागोपाठ जिंकल्या. 2009 च्या मार्चमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा ते खासदारच होते.

त्यांच्यानंतर 2014 आणि 2019 मध्ये इथून रामचरण बोहरा निवडून आले. ते पूर्वी जयपूरचे जिल्हाप्रमुख होते, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या भाषेत जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. 2014 चं त्यांचं मताधिक्य पाच लाख एकोणचाळीस हजारांवर गेलं. महाराणींना 1962 मध्ये मिळालेल्या एकूण मतांच्याही अडीचपटीहून जास्त, आणि तेही जिल्हा परिषदेतून आलेल्या माणसाचं. 2019 मध्ये त्यांच्या विरोधात ज्योती खंडेलवाल होत्या, त्या जयपूरच्या माजी महापौर. म्हणजे लोकसभेच्या त्या लढतीत दोन्ही बाजूंनी स्थानिक स्वराज्य संस्थेतूनच आलेली माणसं होती.

आता मुंबई उत्तर मतदारसंघ घ्या. 1977 मध्ये मृणाल गोरे. 1989 पासून सलग पाच वेळा राम नाईक. ते आधी बोरीवलीचे आमदार. 2004 मध्ये नट गोविंदाने त्यांना हरवलं. 2014 आणि 2019 मध्ये गोपाळ शेट्टी; ते आधी नगरसेवक, मग आमदार. 2024 मध्ये राज्यसभेत बरीच वर्षं काढलेले केंद्रीय मंत्री पीयूष गोयल.

दोन्ही मतदारसंघांत तोच झगडा दिसतो. एकीकडे गादी, पडदा किंवा पक्षाचं दिल्लीतलं वजन, दुसरीकडे गल्ली. गल्ली बऱ्याचदा जिंकते. आपण लोकशाहीवादी माणसं, तेव्हा ते बघून आपल्याला बरं वाटतं. पण गल्लीतून गेलेल्या माणसाने दिल्लीत गल्लीचं काय केलं, हा प्रश्न निकालाच्या रात्री गुलाल उधळताना कोणी विचारत नाही.

गोरेगाव

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा. माहेरचं आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात पडल्या. 1948 मध्ये केशव गोरे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सगळे त्यांना बंडू गोरे म्हणत. बेचाळीसच्या लढ्यातला माणूस. दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड केलं. मृणालताईंनी तिथे महिला मंडळ काढलं, कुटुंब नियोजनाचं काम सुरू केलं. कुटुंब नियोजन हा शब्द चारचौघांत उच्चारणंही जड जाई, तो हा काळ. 1958 मध्ये केशव गोरे वारले. मृणालताई तिशीच्या होत्या, पदरात लहान मुलगी होती.

त्या वेळचं गोरेगाव म्हणजे आजच्या गोपालपुऱ्यासारखी शहराच्या कडेची वस्ती, शहरात नुकतीच ओढली गेलेली. 1957 मध्ये गोरेगाव ते दहिसर हा पट्टा मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. हद्द आली, पट्टी आली, पण पाणी आलं नाही. त्याच सुमारास वैतरणेवरचं मोडकसागर धरण पुरं झालं होतं. पण नवं पाणी आधी जुन्या शहराकडे वळायचं आणि उपनगरांना उरलंसुरलं. झोपडपट्टीचा तर हिशेबच नव्हता. झोपडं बेकायदा, म्हणून नळ द्यायचा नाही, आणि नळ नाही म्हणून बाईने मैलभर जाऊन कुणाच्या तरी विहिरीवर बोलणी खात हंडा भरायचा.

1961 मध्ये मृणालताई मुंबई महापालिकेत निवडून आल्या. त्याच निवडणुकीत जॉर्ज फर्नांडिसही नगरसेवक झाले. अहिल्याताई रांगणेकरही त्या काळात त्याच सभागृहात. पुढे हे तिघेही लोकसभेत गेले. मुंबई महापालिका त्या काळी किती कसदार होती ते यावरून समजावं.

पाण्याच्या बाबतीत मृणालताईंनी काय केलं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. हंडा मोर्चा ही त्यांची ओळख. रिकामे हंडे घेऊन बायका महापालिकेच्या कचेरीवर धडकायच्या, आणि ते चित्र वर्तमानपत्रांत छापून यायचं. पण मोर्चा परतल्यावर खरं काम सुरू होई. महापालिकेत पाणी ही भावनेची नव्हे, आकड्यांची बाब असते. जलवाहिनीचा व्यास किती, दाब किती, कुठल्या जलाशयातून कुठल्या वॉर्डाला किती वेळ पाणी सोडायचं, नव्या वाहिनीसाठी अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली किती रक्कम धरली आहे. अभियंता “होईल” म्हणतो, तेव्हा तो कुठल्या वर्षाच्या अंदाजपत्रकातलं बोलतोय हे विचारावं लागतं. बाहेर मोर्चा आणि आत अंदाजपत्रकावरची चर्चा, ही दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हाती असली की नळ येतो. एक टोक सुटलं तर नुसती घोषणा राहते किंवा नुसती फाईल. गोरेगावात पाणी आलं, झोपडपट्ट्यांत नळ आले, आणि लोकांनी मृणालताईंना जे नाव ठेवलं ते जन्मभर चिकटलं: पाणीवाली बाई.

पाण्याची किल्ली महापालिकेत होती, म्हणून त्या महापालिकेत होत्या. 1972 मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. राज्यात त्या वर्षी भीषण दुष्काळ होता आणि महागाईने घराघरांत कहर केला होता. तेल, साखर, रवा, रॉकेल काळ्या बाजारात. हा प्रश्न वॉर्डाचा नव्हता. रेशनचा कोटा राज्य ठरवत होतं. मृणालताई, अहिल्याताई, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, कमल देसाई अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर बसवणं त्या काळी सोपं नव्हतं, पण रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला पक्षभेद कळत नव्हता, हे या बायकांना कळत होतं. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. एरवी कधी मोर्चात न आलेल्या गृहिणी होत्या त्या, आणि स्वयंपाकघरातलीच वस्तू हातात असल्याने त्यांना मोर्चाला जाणं परकं वाटलं नाही. थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना घेराव पडले. मृणालताईंचं पुन्हा तेच, रस्त्यावर लाटणं आणि सभागृहात साठ्याचे आकडे.

दिल्ली

जून 1975 मध्ये आणीबाणी लागली. मृणालताई भूमिगत झाल्या, पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या. तुरुंगातले त्यांचे दिवस हालाचे गेले. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने मला एकच गोष्ट सांगायची आहे. माणसाला खटल्याशिवाय डांबून ठेवता येतं आणि त्याविरुद्ध कोर्टातही जाता येत नाही, हे त्या काळी कायद्याने शक्य झालं होतं. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताने तोच निकाल दिला. आता या प्रश्नाची किल्ली महापालिकेत नव्हती, विधानसभेत नव्हती, एवढंच काय, कोर्टातही नव्हती. ती संसदेत होती, कारण घटनादुरुस्ती फक्त संसद करू शकते.

1977 च्या निवडणुकीत मृणालताई मुंबई उत्तरमधून उभ्या राहिल्या. “पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में” ही घोषणा त्या निवडणुकीतली; दिल्लीवाली बाई म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधान. ती खरी ठरली. मुंबईने त्या वेळी दोन बायका लोकसभेत पाठवल्या, मृणालताई आणि अहिल्याताई. दोघी लाटणे मोर्चातल्या. देशभरातून मात्र अवघ्या 19 बायका निवडून आल्या होत्या. आणीबाणीच्या विरोधात एवढी मोठी लाट आली, पण त्या लाटेने बायकांना फारसं वर आणलं नाही.

नवे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी मृणालताईंना आरोग्य खातं देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. मंत्रिपद नाकारणं ही आपल्याकडे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यात त्यागापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. मंत्री झालं की मोर्चा काढता येत नाही, आणि ज्या बाईचा निम्मा जीव मोर्चात होता तिला अर्ध्या ताकदीने काम करायचं नव्हतं.

त्या लोकसभेचं आयुष्य अडीच वर्षांचंही भरलं नाही. 1979 मध्ये जनता सरकार कोसळलं. भांडणं, फाटाफूट, एकमेकांची उणीदुणी यांतच ते गेलं असं म्हणायची पद्धत आहे, आणि ते खोटं नाही. पण त्याच लोकसभेने 1978 मध्ये खटल्याशिवाय डांबून ठेवणारा मिसा कायदा रद्द केला आणि चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती केली. अंतर्गत अशांतता एवढ्या कारणावर आता आणीबाणी लावता येत नाही, सशस्त्र बंड असावं लागतं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असावा लागतो. आणि आणीबाणीतही माणसाच्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याचा मार्ग बंद करता येत नाही. आदल्या वर्षापर्यंत तुरुंगात असलेली माणसं ज्या सभागृहात बसली होती, त्या सभागृहाने तुरुंगाच्या दाराचा नियम बदलला. मृणालताई त्या सभागृहाच्या सदस्य होत्या. त्यांच्या खासदारकीचा हिशेब मांडायचा तर मी तो इथे मांडीन. गोरेगावात कुठला पूल झाला, कुठल्या रस्त्याला नाव मिळालं, यावर नाही.

उलट दिशेने

आता या कारकिर्दीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. 1985 मध्ये मृणालताई पुन्हा महाराष्ट्राच्या विधानसभेत आल्या. लोकसभेत जाऊन आलेला माणूस विधानसभेत परत येतो तेव्हा लोक त्याला उतरती कळा म्हणतात. मृणालताईंचं मोठं कायद्याचं काम या तथाकथित उतरत्या काळात झालं.

गर्भजलपरीक्षेचं तंत्र तेव्हा शहरांत पसरलं होतं. मूळ हेतू गर्भातले दोष शोधण्याचा. वापर मात्र मुलगी असेल तर गर्भ पाडण्यासाठी. आता पाचशे खर्च करा आणि पुढचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकत. पुढचे पाच लाख म्हणजे हुंडा. मुंबईत डॉक्टर, वकील, स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या यांनी याविरुद्ध मंच उभा केला. पण दवाखान्यांवर आणि यंत्रांवर नियमन कोणी करायचं? आरोग्य हा राज्याचा विषय. किल्ली पुन्हा मुंबईत.

मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणलं. मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक म्हणजे काय असतं ते थोडं सांगायला हवं. संसदेत अशी विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात, सभागृह निम्मं रिकामं असतं. 1952 पासून आजवर संसदेत अशी फक्त 14 विधेयकं मंजूर झाली आहेत, शेवटचं 1970 मध्ये. तरीही ही विधेयकं वाया जात नाहीत, कारण सरकारला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देता देता कधी कधी सरकारला तोच कायदा स्वतः आणावा लागतो. महाराष्ट्रात तेच झालं. बाहेरच्या चळवळीचा आणि आतल्या विधेयकाचा रेटा वाढला आणि 1988 मध्ये राज्य सरकारने गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा केला. देशातला असा हा पहिला कायदा. त्यात पळवाटा होत्या, चळवळीतल्या लोकांनीच त्यावर टीका केली. पण एका राज्याचा नमुना समोर आल्यावर दिल्लीला तो टाळता आला नाही. 1994 मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला, तो 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये अधिक कडक झाला.

दिल्लीत असताना जे झालं नव्हतं ते दिल्ली सोडल्यावर झालं. राज्यात बसून त्यांनी आरंभलेल्या कामाचा शेवट संसदेत झाला. या कायद्याने सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 894 मुली होत्या आणि राजस्थानात 888. कायदा असूनही मुली कमी राहिल्या. पण ज्या धंद्याची उघड जाहिरात होत होती तो गुन्हा ठरला, ही गोष्ट लहान नव्हे.

1985 नंतरच्या विधानसभेतल्या त्याच काळात मृणालताई काही काळ विरोधी पक्षनेत्या होत्या. पु. बा. सामंत आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषदेतून दिंडोशीला सामान्यांसाठी हजारो घरं उभी राहिली. शहरी कमाल जमीन धारणा कायदा 1976 चा, केंद्राचा, जमीन सोडवायची राज्याकडून, बांधकामाची परवानगी महापालिकेची. तिन्ही सभागृहं आतून पाहिलेल्या बाईला कुठला कागद कुठे अडतो ते पाठ होतं. पुढे सत्तरीकडे झुकल्या तेव्हा त्या एन्रॉन वीजप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात होत्या. 17 जुलै 2012 ला त्या गेल्या.

खासदार की नगरसेवक?

आता आजचा प्रश्न. 1992 मध्ये त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली. पंचायती आणि नगरपालिका घटनेत आल्या, वेळेवर निवडणुका आणि बायकांना एक तृतीयांश जागा आल्या. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे द्यायचे 18 विषय लिहिले गेले: पाणीपुरवठा, रस्ते, झोपडपट्टी सुधार, अग्निशमन. नगरसेवकाला घटनेने काम दिलं. आणि वर्षभरातच, 23 डिसेंबर 1993 ला, खासदार स्थानिक विकास निधीची घोषणा झाली. म्हणजे नगरसेवकाचं काम खासदारालाही दिलं. ही रक्कम वाढत वाढत 2011-12 पासून वर्षाला 5 कोटींवर गेली.

5 कोटी ऐकायला मोठे वाटतात. जयपूर मतदारसंघात वीस लाखांहून अधिक मतदार आहेत. भागाकार केला तर मतदारामागे वर्षाला 25 रुपयेही पडत नाहीत. एवढ्या पैशात गटार, बसथांबा, समाजमंदिर, हायमास्ट दिवा होतो आणि त्यावर नाव कोरता येतं. निधी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कितीतरी गावांत त्यातून चांगली कामं झाली. माझी तक्रार वेगळी आहे. या निधीने मतदाराची सवय बिघडवली. खासदाराने गल्लीत दिसावं, उद्घाटनाला यावं, हाच त्याच्या कामाचा पुरावा झाला. ज्या माणसाला वर्षाला लाखो कोटींच्या अंदाजपत्रकावर मत द्यायचा अधिकार आहे, त्याला आपण 5 कोटींच्या हिशेबावर जोखतो.

आणि गल्लीतून गेलेला खासदार या सापळ्यात जास्त अडकतो, कारण गल्लीचं काम त्याला येतं. दिल्लीचं काम कंटाळवाणं असतं. तारांकित प्रश्न सोडतीत निघावा लागतो. स्थायी समितीच्या बैठकीत कॅमेरे नसतात. विधेयकाचं कलम वाचून त्यातला एक शब्द बदलून घेतला तर त्याचा फलक लागत नाही. उलट कुणाच्या घरी मयताला गेलं तर घर कायमचं जोडलं जातं. मी हे हेटाळणीने म्हणत नाही. सुखदुःखात उभा राहणारा प्रतिनिधी लोकांना हवा असतो आणि तो हवाच. पण तेवढ्यासाठी संसद लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल. कायदे करायला स्थानिक माणूस कशाला, हुशार माणूस कुठूनही निवडून आणा. उदाहरणंही आहेत. पुण्याचे मधू लिमये बिहारमधल्या मुंगेर आणि बांक्यातून निवडून आले आणि संसदीय नियमांच्या जोरावर सरकारला घाम फोडत. जॉर्ज फर्नांडिस यांनी 1967 मध्ये मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, एका नगरसेवकाने माजी महापौराला, आणि पुढे तेही बिहारमधून निवडून येत राहिले. तेव्हा हुशारीला मतदारसंघाची हद्द नसते हे मान्य. पण कायदा करताना तो खाली कसा उतरेल हे कळण्यासाठी खालची सवय लागते. त्याचं जुनं उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचं आहे. गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि दिल्ली-कलकत्त्याच्या कायदेमंडळाचे सदस्यही. 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सक्तीचा अधिकार वरच्या सरकारला नव्हता. नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांनी आपापल्या हद्दीत ती लागू करावी अशी रचना होती. शाळा कोण चालवतं, पट्टी कोण गोळा करतं हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते विधेयक होतं. 1912 मध्ये ते फेटाळलं गेलं. सहा वर्षांनी, 1918 मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता तसाच कायदा करून घेतला. देशभर शिक्षण हा मुलाचा हक्क व्हायला 2009 चा कायदा यावा लागला.

गोपालपुऱ्याने काय विचारावं

आता आपल्या बायपासकडे येऊ. जयपूरला एकेकाळी रामगढ बंधारा पाणी पुरवत होता. 1982 च्या आशियाई स्पर्धांतल्या नौकानयनाच्या शर्यती त्याच तलावात झाल्या. पुढे तलाव आटला आणि शहर बिसलपूरवर आलं. बिसलपूरला पाणी कमी पडतं तेव्हा पूर्व राजस्थानच्या कालव्याची, चंबळ आणि पार्वतीच्या पाण्याची गोष्ट निघते. त्यासाठी राजस्थान, मध्य प्रदेश आणि केंद्र यांच्यात 28 जानेवारी 2024 ला समझोता झाला. दोन राज्यं आणि केंद्र एकत्र आले की तो विषय खासदाराचा होतो.

म्हणून खासदारकीचा उमेदवार मत मागायला येईल तेव्हा त्याला गल्लीतल्या गटाराचं विचारू नका. ते नगरसेवकाला विचारा, आणि ठासून विचारा. नळाच्या वेळा आमदाराला विचारा. कोचिंग क्लासचा कायदा कागदावर आहे की अंमलात, तेही आमदारालाच विचारा. खासदाराला विचारा की त्या समझोत्याच्या निधीचं काय झालं आणि त्यावर तो सभागृहात काय बोलला आहे. पेपरफुटीचा कायदा झाल्यावर किती खटले उभे राहिले, हा प्रश्न त्याने मंत्र्याला कधी विचारला. तो कुठल्या स्थायी समितीवर आहे आणि तिच्या किती बैठकांना गेला. लोकसभेच्या कामकाजाची नोंद सगळ्यांना उघडी आहे, मुलं मोबाईलवर ती पाच मिनिटांत काढून देतील.

पाणी महापालिकेत मिळवायचं, महागाई विधानसभेत अडवायची, स्वातंत्र्याचं कलम संसदेत दुरुस्त करायचं, आणि गर्भातल्या मुलीसाठी पुन्हा विधानसभेत यायचं. हा सगळा प्रवास मृणालताईंनी कार्यकर्ती म्हणून केला. पण कुठल्या दारावर काय घेऊन जायचं हे त्यांना त्यांच्या हंडेवाल्या बायकांनी शिकवलं होतं. त्या बायका मोर्चात गेल्या तेव्हा महापालिकेकडे पाणी मागत होत्या, घटनादुरुस्ती मागत नव्हत्या. मागणी नेमकी होती, म्हणून प्रतिनिधीही नेमका झाला. गोपालपुऱ्याला चांगला खासदार हवा असेल, तर कोणाकडे काय मागायचं हे आधी गोपालपुऱ्याने ठरवलं पाहिजे.